उद्याचं बोलणं

रावेर, रविवार, ३ ऑगस्ट २०२५

मिसबाह,

फोनवर मला ब्लॉक केलंस, आता पोस्टमनला कर बघू. तो धुळ्यात तुझ्या मामाच्या दारात येणार, हाक मारणार आणि मामी पाकीट तुझ्या उशाशी ठेवणार. वाचायचं की नाही ते तुझं तू ठरव. तुझे अब्बा गेल्यापासून या घरात माझं ऐकून घेणारी तूच एक होतीस. तूच बोलेनाशी झालीस तर मी काय कापसाच्या गठ्ठ्याशी बोलू?

निलोफरमामीने तुला जे सांगितलं ते खरं आहे. मोईजमियां, हॉलंड, डिसेंबरात निकाह, सगळं खरं. मी तुझी परवानगी मागत नाहीये. पण मोईजमियांना एक गोष्ट मी स्पष्ट सांगितली आहे. मिसबाह येऊन माझ्या शेजारी बसल्याशिवाय निकाह लागणार नाही. ते फक्त ‘बरं’ म्हणाले. तुझा राग तसाच राहिला तर ते डिसेंबरात येऊन, सुट्टी संपवून एकटे परत जातील आणि मी इथे रजया शिवत बसेन. ही धमकी नाही, जे ठरलंय ते तुला माहीत असावं म्हणून लिहिलं.

तर दुसरी बातमी. तुझी अम्मी शाळेत जायला लागली. हसू नकोस. तिकडे नवऱ्याकडे राहायला जायचं तर आधी तिकडच्या, डच भाषेची परीक्षा द्यावी लागते, मुंबईला त्यांच्या वकिलातीत, संगणकासमोर बसून. जळगावला हेमलता पाटील म्हणून एक बाई आहेत, बरीच वर्षं तिकडे राहून आल्यात. त्या आठवडाभर मोबाईलवर शिकवतात आणि रविवारी घरी बोलावतात. वर्गात सगळी कोवळी पोरं, कुणाचा नवरा तिकडे, कुणाची नोकरी, आणि त्यांच्यात चष्मा लावून बसलेली मी. पहिल्या दिवशी एकीने मला विचारलं, ‘आंटी, मुलीला सोडायला आलात का?’

एका बाबतीत मात्र मी वर्गात सगळ्यांच्या पुढे आहे. त्यांच्या भाषेत ‘ख’ खूप, आणि तो घशातला, आपण ‘खुदा’ म्हणताना काढतो तसा. बाकीची पोरं तो काढताना घसा खाकरत बसतात. मला बाईंनी उभं करून म्हणायला लावलं आणि म्हणाल्या, ऐका, असा पाहिजे. दहावीनंतर कुणी मला वर्गात उभं करून शाबासकी दिली नव्हती.

भाषा मात्र उफराटी आहे. आपण सगळं सांगून होईपर्यंत क्रियापद राखून ठेवतो. ‘मी उद्या सकाळी भाजी घेऊन तुझ्या मामाकडे...’ इथपर्यंत समोरचा ताटकळतो, जाते म्हणते की जात नाही म्हणते. त्यांना तेवढा दम नाही. वाक्यात दुसरी जागा क्रियापदाची, मग आभाळ कोसळो. पहिल्या जागेवर ‘मी’ बसव नाहीतर ‘उद्या’ बसव. ‘उद्या’ बसवलंस तर ‘मी’ने मुकाट्याने क्रियापदाच्या मागे जायचं. ‘मोर्खन कोम इक’, म्हणजे उद्या येते मी. मला हे आवडलं. एकदा तरी ‘मी’ला मागे ढकललेलं बघायला मिळालं.

डबा वेळेवर खात जा. तुझ्या त्या औषधांच्या दुकानात उभं राहून राहून पाय दुखत असतील.

तुझी अम्मी


रावेर, २४ ऑगस्ट

मिसबाह,

उत्तर नाही. ठीक आहे. मामीला फोन केला तर म्हणाली, पाकीट फोडलेलं होतं. म्हणजे वाचतेस. वाचते आहेस तोवर मी लिहिते.

आज वर्गात माझं आणि बाईंचं वाजलं. धडा होता पुढच्या गोष्टींचा. उद्या काय करणार, पुढच्या महिन्यात काय करणार, असं एकेकाने सांगायचं. माझी पाळी आली आणि मी ‘इन्शाअल्लाह’ म्हणून सुरुवात केली. बाई म्हणाल्या, ‘ताजबी, ते पहिल्या जागेवर घेतलंत तर पाठोपाठ क्रियापद यायला हवं. तुम्ही ‘मी’ घेतलात.’ मी म्हटलं, मग इन्शाअल्लाह म्हणूच नको का? त्या म्हणाल्या, परीक्षेत वेळ थोडा असतो, संगणक थांबत नाही, सोडून द्या. मी म्हटलं, बाई, उद्याचं बोलायचं आणि त्याचं नाव घ्यायचं नाही, हे माझ्याच्याने होणार नाही, नापास केलंत तरी चालेल.  शेवटी बाईंनीच मार्ग काढला. आधी इन्शाअल्लाह म्हणा, श्वास घ्या, मग ‘मी’पासून नवं वाक्य सुरू करा. इतकी साधी गोष्ट, आणि मी उगाच फणा काढून बसले होते. तू असतीस तर मांडीला चिमटा काढून मला गप्प केलं असतंस.

मग त्यांनी विचारलं, ‘डिसेंबरमध्ये तुम्ही काय करणार आहात?’

इन्शाअल्लाह म्हटलं, श्वास घेतला. ‘इक खा इन डेसेम्बर ट्राउवन.’ मी डिसेंबरमध्ये लग्न करणार आहे. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या पत्रातली ती आंटीवाली पोरगी तर उठून गळ्यातच पडली.

मिसबाह, घरी येताना बसमध्ये माझ्या ध्यानात आलं की हे वाक्य मी पहिल्यांदाच मोठ्याने बोलले. मोईजमियांनी विचारलं तेव्हा मी मान हलवली होती. तुझ्या मामाला मोईजमियांनी सांगितलं, मामाने मामीला, मामीने तुला. माझ्या तोंडून कुणीच ऐकलं नाही. आपल्यात बाईने आपल्या लग्नाची गोष्ट आपल्या तोंडाने काढायची नसते, घरातल्या दुसऱ्या बाईने पोचवायची असते. माझ्या पहिल्या लग्नाच्या वेळी भडगावला माहेरी मीही दाराआड बसून ऐकलं होतं, काकूने येऊन सांगितलं तेव्हा कळलं की ठरलं. रीत आहे ती. पण परक्या भाषेत ती रीत आडवी आली नाही. त्या भाषेला माझी काकू ठाऊक नाही ना.

इथे पाऊस उघडत नाही, कापूस सादळलाय, पिंजायचं मशीन बंद.

तुझी अम्मी


रावेर, २१ सप्टेंबर

मिसबाह,

काल तुला न सांगता धुळ्याला यायला निघाले होते. स्टँडवर जाऊन बसले, गाडी लागली, लोक चढले, गाडी गेली. मी बसूनच राहिले. तू दार लावून घेतलंस तर काय करायचं, हे ठरत नव्हतं.

तुझा राग अब्बांसाठी आहे, हे मी ओळखलंय. त्यांच्या मशीनवर मी अजून रोज हात फिरवते. त्यांची जागा कुणी घ्यायची म्हणून हे चाललेलं नाही. तुझे अब्बा रागीट होते, हसरे होते, मीठ कमी पडलं की ताट सरकवायचे आणि रात्री माझ्या डोक्याला तेल चोळायचे. मला ते आवडत होते. अजून आवडतात. पण मी पन्नाशीला आलेय. तू आज ना उद्या आपल्या घरी जाशील. मला संध्याकाळी कुणाशी तरी भांडायचं आहे, मिसबाह. एकटीचं भांडण फार बेचव होतं.

लोक काय म्हणतात तेही माझ्या कानावर येतं. म्हातारपणी हौस. बोलू देत.

परीक्षा पुढच्या आठवड्यात. वाक्यं लांबत चालली आहेत आणि त्यांच्या भाषेची आणखी एक खोड कळली. पुढचं सांगताना क्रियापदाचे दोन तुकडे करतात. ‘खा’, म्हणजे आपलं ‘करणार’मधलं ‘णार’, दुसऱ्या जागी बसवायचा, आणि खरं काम काय ते थेट शेवटी. काय, कुठे, केव्हा, कुणाबरोबर, सगळं त्या दोघांच्या मध्ये. वर्गात पोरांचा गोंधळ उडाला. मला सोपं गेलं. आपण रजईच्या कडा आधी शिवून घेतो आणि कापूस मध्ये भरतो, तसंच की. बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, पुढच्या वर्गाला हेच सांगीन.

आणि एक ‘झल’ म्हणून शब्द आहे. मला वाटलं आपलं ‘करीन, येईन’ म्हणजे हेच, म्हणून सगळीकडे तो घालत सुटले. बाजारात जाईन, झल. चहा करीन, झल. बाईंनी थांबवलं. म्हणाल्या, रोजच्या उद्याला तो लागत नाही, नुसतं ‘येते, जाते, करते’ म्हटलं की भागतं, तुमच्या मराठीसारखंच. ‘झल’ शब्द दिल्यासारखा आहे, तो म्हटला की समोरचा माणूस तुमच्यावर विसंबतो. तेव्हापासून मी तो जपून वापरते. तुझ्याबाबतीत तर अजून एकदाही वापरला नाही. तू येशील असं म्हणायची मला हिंमत नाही, आणि मी येईन म्हणून निघाले ती स्टँडवरूनच परत आले.

तुझी अम्मी


रावेर, १२ ऑक्टोबर

मिसबाह,

परीक्षेचा निकाल आला. पास. मोबाईलवर बघितलं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं. आनंद झाला आणि सांगायला घरात कुणी नाही. शेजारच्या शेवंताबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘चांगलं झालं, पण कशात पास झालात?’

त्याच संध्याकाळी मामी आली. तुझे हिवाळ्याचे कपडे न्यायला आली होती, आणि मी तिच्यावर चिडले. म्हटलं, पोरगी स्वतः का नाही आली, तिला काय अम्मीचं तोंड बघायचं नाही? अब्बांची इतकी माया आहे तर अम्मीने काय पाप केलं? मामीने ऐकून घेतलं. मग पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली:

‘ताजबी, तुन्ही पोर लगीनवर रागे नही भरेल शे. तिले अब्बानं काही नही, लोकेसनं काही नही. माले अम्मीनी कसाले नही सांगं, इतलंच म्हनस ती.’

मी म्हटलं, मी स्वतः नाही सांगितलं, पण तुझ्याकडून सांगितलं ना? रीतच ती.

‘रीत शे. पन मी कशी सांगं ते तुले माहीत नही.’

मग तिनेच सांगितलं. तू कामावर निघाली होतीस, भाकरी बांधून घेत होतीस. मामी तव्यापाशी होती, आणि दुधाचं काय, गॅसचं काय, अशा बोलण्यात ते सांगून मोकळी झाली. तुझ्या हातातली भाकरी तशीच राहिली. तू फक्त विचारलंस, ‘अम्मीला कधीपासून माहीत आहे?’ आणि मामी खरं बोलून गेली की उन्हाळ्यापासून.

उन्हाळ्यात तू दोन आठवडे इथे होतीस. आपण एकाच खाटेवर झोपत होतो. तू मला तुझ्या दुकानातल्या सगळ्या गोष्टी सांगितल्यास, ज्या मुलाचा विचार करत नाही म्हणतेस त्याचीही गोष्ट सांगितलीस. आणि मी शेजारी पडून छताकडे बघत होते, कारण मुलीने आईला सांगायचं असतं, आईने मुलीला सांगायचं नसतं, असं मला वाटत होतं.

दोन महिने मी तुला पत्रांतून अब्बा आणि लोक समजावत बसले. तुझं दुखणं भलतीकडेच होतं. मामीला जेवूही न घालता निरोप दिला, नंतर फोन करून तिची माफी मागितली.

येत्या शनिवारी मी धुळ्याला येते. स्टँडवर बसून राहणार नाही.

तुझी अम्मी


रावेर, १९ ऑक्टोबर

मिसबाह,

काल जे झालं ते तुला माहीत आहे, तू तिथेच होतीस. पण काउंटरच्या माझ्या बाजूने ते कसं दिसलं, ते तुला सांगायचं आहे.

बसमध्ये मी सगळं पाठ करून आले होते. तुला बाहेर बोलावीन, कुठे तरी सावलीला बसवीन, आधी हवापाण्याचं बोलेन. दुकानात आले तर ही गर्दी. माझ्यापुढे ते पागोटेवाले बाबा, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे. तू त्यांना समजावत होतीस, सकाळची कोणती, रात्रीची कोणती, किती शांतपणे. मला वाटलं, ही माझी पोरगी आहे, आणि माझ्या पोटातलं सगळं पाठांतर गेलं. तू वर न बघता विचारलंस, ‘बोला, काय पाहिजे?’

आणि मी म्हटलं, ‘मिसबाह, माले लगीन करनं शे.’

अख्ख्या दुकानासमोर. खोकल्याच्या औषधाची बाटली घेतलेली ती बाई, पागोटेवाले बाबा, तुझे शेठ, सगळे माझ्याकडे बघायला लागले. कपाळावर पदर ओढावा असं वाटलं, पण मी तशीच उभी राहिले. तेवढ्यात बाबा म्हणाले, ‘करी ल्या ना अक्का, कोन नही म्हनस?’ आणि तू हसलीस. हसू लपवायला तू काउंटरखाली वाकलीस, ते मी पाहिलं.

मागच्या खोलीत खोक्यांवर बसून आपण बोललो. तू रडली नाहीस, मीच रडले. मी म्हटलं, मला लग्न करायचंय, कुणी करायला लावत नाहीये, मला तो माणूस आवडला आहे, आणि हे मी तुला उन्हाळ्यात खाटेवरच सांगायला हवं होतं. एवढं बोलायला मला किती वेळ लागला. तू पाण्याची बाटली पुढे केलीस आणि विचारलंस, ‘माणूस कसा आहे?’

मिसबाह, हे मला आजपर्यंत कुणीच विचारलं नव्हतं. मामाने विचारलं, तिकडे घर स्वतःचं आहे का. मामीने विचारलं, वय किती. शेजारणीने विचारलं, इतक्या लांब कशाला. माणूस कसा, हे कुणी नाही.  मी म्हटलं, चांगला आहे. तू म्हणालीस, ‘चांगला म्हणजे? चौकशी कुणी केली? मामाने?’ मी म्हटलं, मामाने ऐकून घेतलं. ‘म्हणजे चौकशी झालीच नाही. नंबर दे मला.’ आणि मी घाबरून नंबर दिला.

आता उत्तर देते. गेल्या मार्चात ते सुट्टीवर रावेरला आलेले, तेव्हा त्यांच्या वारलेल्या आईची गादी घेऊन आले होते, कापूस पिंजून पुन्हा भरून द्या म्हणाले. गिऱ्हाईक गादी टाकून जातं, संध्याकाळी येतं. ते बसून राहिले. पिंजताना कापूस किती उडतो ते तुला माहीत आहे. काम झालं, मी पाणी प्यायला आत गेले आणि बाहेर आले तर ते ओसरी झाडत होते, पांढरेशुभ्र होऊन, भुवयांना कापूस. मी म्हटलं, राहू द्या, मी झाडते. ते म्हणाले, ‘माझ्यामुळे पडलाय.’ तिकडेही ते केळीच पिकवतात, जहाजाने आलेली कच्ची, मोठ्या गोदामात, रावेरचा माणूस दुसरं काय करणार. बायको वारली तेव्हापासून एकटे जेवतात. बोलतात कमी. विचारलं की मात्र खरं सांगतात.

एवढंच मला माहीत आहे. बाकी तुझी तू विचार.

तुझी अम्मी


रावेर, २ नोव्हेंबर

मिसबाह,

अगं, काय केलंस तू त्या माणसाचं!

आज दुपारी मोईजमियांचा फोन आला. मी विचारलं, तब्येत बरी आहे ना, आवाज असा का? म्हणाले, ‘तुमच्या मुलीशी बोलणं झालं. इकडे थंडी आहे आणि मला घाम फुटला होता.’

मग त्यांनी एकेक सांगितलं आणि मी तोंडावर पदर धरून ऐकत राहिले. घरात हीटर कुठल्या खोलीत आहे, अम्मीला थंडी सोसत नाही, हे तू विचारलंस. तुम्ही रात्रपाळीला गेलात तर अम्मी घरी एकटी काय करणार, हे विचारलंस. दुकानात, दवाखान्यात तिला बोलणं कळलं नाही तर तुम्ही तिच्या वतीने बोलणार की तिला बोलू देणार, हे विचारलंस. अम्मी रागावली की दोन दोन दिवस बोलत नाही, तेव्हा काय कराल? आणि अम्मी घोरते हे तुम्हाला माहीत आहे का? मिसबाह, हे सांगायची काय गरज होती?

मग त्यांचा आवाज बदलला. म्हणाले, तिने विचारलं, पहिल्या बायकोला कधी चहा करून दिलात का? मी म्हटलं, मग तुम्ही काय सांगितलंत? ते म्हणाले, ‘शेवटच्या वर्षी देत होतो. आजारी होती तेव्हा. त्याआधी कधी नाही. तेच सांगितलं.’  मला वाटलं, खोटं बोलले असते तर चाललं असतं, आणि बोलले नाहीत म्हणून बरंही वाटलं.

मी विचारलं, मग ती काय म्हणाली? डिसेंबरला येते म्हणाली का?

‘नाही,’ ते म्हणाले. ‘तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ठीक आहे, आम्ही घरात विचार करतो आणि तुम्हाला कळवतो.’

मी फोन ठेवला आणि मशीनपाशी जाऊन बसले. आधी हसले, मग रडले, मग पुन्हा हसले. शेवंताबाई दारातून बघून गेल्या. माझ्या पहिल्या लग्नात भडगावच्या घरी हे सगळं मोठ्या माणसांनी केलं होतं, बाहेरच्या खोलीत, आणि मी आत बसून कान लावले होते. या वेळी माझ्यासाठी विचारायला कुणी नाही असं मी मनाशी धरूनच चालले होते.

मोईजमियांनी विमानाचं तिकीट अजून काढलेलं नाही. म्हणतात, मुलीकडचा होकार आल्याशिवाय कसं काढू?

तेव्हा मिसबाह, मुलीकडची मोठी माणसं आता तूच, सावकाश विचार करा, घाई नाही. फक्त कळवायचं ते आधी मला कळवा. मुलगी आतल्या खोलीत कान लावून बसली आहे.

अम्मी